येलदरीच्या पायाची पट्टी

त्या घोडीच्या पायांना पट्ट्या मी बांधल्या होत्या, सोपानमामांनी नाही. एवढं एक वाक्य मी अकरा वर्षं पोटात ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वी ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं, आणि आज लिहितो आहे. ज्यांच्या हयातीत ते बोलायला हवं होतं, त्या सोपानमामांना जाऊन दीड महिना झाला.

बातमी आली तेव्हा मी गंगाखेडजवळच्या एका वस्तीवर अडलेली म्हैस सोडवत होतो. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. खिशातला फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. म्हशीच्या मालकाने विचारलं, "काढून कानाला लावू का, डाक्टर?" मी नको म्हणालो. रेडकू बाहेर आलं, धडपडत उभं राहिलं, मग मी साबणाने हात धुतले आणि फोन लावला. पलीकडे सोपानमामांची मुलगी सुनंदा होती. "काका, आबा गेले. सकाळी मेंढरं सोडायला गेले आन् मेंढवाड्याच्या दारातच बसले... उठलेच न्हाईत." मी काय बोललो ते आठवत नाही. हात धुतलेले असूनही मी पुन्हा बादलीपाशी गेलो आणि पुन्हा धुतले, एवढं आठवतं.

सोपानमामा येलदरीच्या धरणाजवळच्या एका लहान गावचे. घरी मेंढरं, आणि बिऱ्हाड वाहायला दोन तट्टं. तरुणपणी कामासाठी पुण्याला गेले, घोडेस्वारीच्या एका क्लबात गवत कापायला लागले आणि काही वर्षांत तिथले मुख्य सईस झाले. सईस म्हणजे घोड्याचं खाणं, खरारा, पाय, झोप, रुसवा, सगळं पाहणारा माणूस. मीही परभणी जिल्ह्यातलाच, शिकून त्याच क्लबात पशुवैद्य म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी तबेल्यातून आवाज आला, "काय करायलाय रे हितं? सरक की जरा." घोड्याला चाललं होतं ते. मी आत डोकावून विचारलं, "मामा, परभणीकडचे का?" त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "मंग काय, पुण्याचा वाटलो का तुमाला?" तेव्हापासून ते मामा आणि मी डाक्टरसाब. माझ्या नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही.

पुढे देशाच्या शो जंपिंग संघाबरोबर आम्हा दोघांनाही परदेशी जायची संधी मिळाली. घोड्यावरून अडथळे पार करायची ही स्पर्धा. वरचा दांडा पडला की चार दंडगुण, घोडा अडला तर आणखी. संघात चार स्वार, कर्णधार फौजेतले एक मेजर. पण जायच्या आधीपासूनच सगळं बिनसत गेलं. रोगराईच्या नियमांमुळे आपले घोडे तिकडे नेता येत नव्हते, म्हणून तिथलेच चार घोडे भाड्याने ठरवले होते. तीन सईस जाणार होते, त्यांतल्या दोघांचा व्हिसा शेवटच्या दिवसापर्यंत आला नाही. खोगिरांच्या पेट्या विमानाने भलतीकडेच नेल्या. युरोपातल्या त्या गावी उतरलो तर पाऊस लागलेला, चिखल घोट्यापर्यंत, अनोळखी चार घोडे आणि त्यांच्यासाठी माणूस एक. मेजरसाहेब डोक्याला हात लावून बसले. मामा म्हणाले, "चारच हायत न्हवं? आमच्याकडं एका मानसामागं शंभर मेंढरं असत्यात."

पहिल्या दिवशी त्यांनी एकाही घोड्याला हात लावला नाही. बादली पालथी घातली आणि तबेल्यातल्या एकेका खणाच्या दारात घोड्याकडे पाठ करून बसून राहिले. मला वाटलं, थकले. तासाभराने राखाडी घोडीने मान बाहेर काढून त्यांची मानगूट हुंगली, तेव्हा ते हळूच उठले. "आपुन पाव्हणे हाव, डाक्टरसाब. घरच्यानं आदी वळकायला पायजे." घोड्यांची खरी नावं त्यांच्या जिभेला वळेनात, म्हणून त्यांनी आपली ठेवली. राखाडी घोडी धरणाचे दरवाजे उघडल्यासारखी सुटायची, ती येलदरी. धापा टाकत चालणारा थोराड घोडा म्हणजे कारखाना. शांत घोडी होती ती गंगा. आणि एक तांबडा घोडा प्रत्येक अडथळ्यासमोर जाऊन उभाच राहायचा, तो देवगाव फाटा. "फाटा आला की यष्टी थांबतीच. चहा पिल्याबिगर हालत न्हाई." दोन दिवसांत मेजरसाहेबसुद्धा "फाटा कैसा है आज?" असं विचारायला लागले.

त्या तांबड्याची भीती मोडली पाहिजे, असं मी म्हणालो. मामा म्हणाले, भीती नाही, त्याला पाहायचं असतं, आपण पाहू देत नाही. मग भर पावसात तो घोडा हातात धरून ते सरावाच्या मैदानावर एकेका अडथळ्यापाशी नेऊन उभा करायचे, दांडा दाखवायचे, बाजूने फिरवायचे, पलीकडची बाजू दाखवायचे. अंगातला रेनकोट त्यांनी घोड्याच्या पाठीवर टाकलेला. चौथ्या दिवशी फाटा न थांबता पाच उड्या मारून गेला. मी पशुवैद्यकातली पदवी घेतलेला माणूस; त्या दिवशी कुंपणावर हात ठेवून पाहत राहिलो.

त्यांची एक सवय होती, तिच्यावरून तरुण स्वार त्यांची थट्टा करायचे. घोड्याला हात लावण्याआधी ते स्वतःचा हात हुंगायचे. घरून त्यांच्या बायकोने, गयामामीने, लाल मिरचीचा ठेचा तेलात परतून डबा भरून दिला होता. तिकडच्या कोरड्या पावाबरोबर तोच काय तो आधार. पण मामा तो तबेल्यापासून लांब, झाडाखाली जाऊन चमच्याने खायचे, तीनदा साबण लावायचे, मग हात हुंगायचे. कारणही तसंच होतं. या खेळात काही लबाड लोक घोड्याच्या पायाला मिरचीचा अर्क चोळतात. पाय झोंबायला लागला की घोडा दांड्याला पाय लागू देत नाही, उंच उडतो. म्हणून पंच घोड्यांचे पाय चाचपून पाहतात. हे मामांना माहीत होतं. मला तर पुस्तकातून माहीत होतं.

स्पर्धा दोन दिवसांची. पहिल्या दिवशी येलदरीने एकही दांडा न पाडता फेरी पूर्ण केली. दुपारचे तीन वाजले होते, मी सकाळपासून उपाशी. मामांचा डबा दिसला. पाव हाताने कुस्करला, वर ठेचा घेतला, बोटांनी कालवला आणि तबेल्याच्या बोळातच उभ्याने खाल्ला. हात रुमालाला पुसले. तेवढ्यात तांबड्याचा लगाम धरून मामा आले. "डाक्टरसाब, फाट्याचा नाल ढिला झालाय, नालबंदाकडं जायलोय. तेवढ्या येलदरीच्या पायाला पट्ट्या मारता का? रातीतनं सूज यायला नको." मी हो म्हणालो. ते दोन पावलं गेले आणि वळले. "हात धुतले का?"

मी म्हणालो, "हो."

नळ वीस पावलांवर होता. बाहेर पाऊस होता. एवढंच कारण. दुसरं मी कितीही शोधलं तरी सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांच्या डॉक्टरांनी येलदरीच्या पुढच्या पायाला हात लावला आणि तिने पाय झटकला. चिखलामुळे तिच्या पायांचे केस बारीक कापले होते, कातडी नाजूक झालेली, त्यात रात्रभर पट्टीखाली ते तेल मुरलेलं. सोडलेल्या पट्टीच्या आत लालसर डाग होता आणि लसणाचा वास. येलदरी बाद. टेबलामागे तिघं जण बसले, मेजरसाहेब, मामा आणि मी समोर उभे. विचारलं, पट्टी कुणी बांधली? मेजरसाहेबांनी प्रश्न हिंदीत सांगताच मामा पुढे झाले. "मैंने बांधी साब. मेरे हात की गलती है." डबा त्यांचा, काम त्यांचं. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. मीही तोंड उघडलं नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. ते खालच्या आवाजात म्हणाले, "डाक्टरनं बांदली म्हणलं असतं तर दवा लावली असं झालं असतं. सगळा संघ घरी. सईसानं बांदली म्हणलं की गलती झाली, संपलं. तीन घोडी राह्यली हायत. जावा, फाट्याला तयार करा." मला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही की, तुम्ही हो का म्हणालात. रागावले असते तर बरं झालं असतं... अजूनही वाटतं.

त्यांना तबेल्यात यायची मनाई झाली. कुंपणाबाहेर ते पावसात उभे, आणि आत फाट्याला धरून मी. संघाचे निदान तीन घोडे फेरी पुरी करायला हवेत; तिघांपैकी एक जरी अडून बसला असता तर संघ बाद होता. फाटा सगळ्यांत शेवटी गेला. पहिल्या अडथळ्यापाशी त्याचे कान पुढे आले, चाल मंदावली, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो पलीकडे होता. दोन दांडे पाडले त्याने, पण थांबला कुठेच नाही. आम्ही कुठल्याशा मधल्याच क्रमांकावर आलो, पण तीन घोडे फेरी पुरी करून बाहेर आले आणि देशाचं नाव यादीत राहिलं. कुंपणापलीकडून मामांनी विचारलं, "चहा पिला का न्हाई त्यानं वाटंत?" आणि ते हसले.

परत आल्यावर अहवाल झाला. त्यात 'सईसाचा निष्काळजीपणा' असे शब्द होते आणि खाली पशुवैद्य म्हणून माझी सही आहे. मामांना पुन्हा कधी संघाबरोबर नेलं नाही. क्लबाने त्यांना परत गवतावर घातलं. वर्षभराने ते गावी निघून आले. पुढे मीही सरकारी नोकरी धरून जिल्ह्यात परतलो. आईवडलांसाठी आलो, असं सगळ्यांना सांगितलं.

त्यांच्या मेंढरांना लस टोचायला मीच जायचो. मेंढवाड्याच्या दारात त्यांनी आडवा बांबू टाकला होता, मेंढरांबरोबरच्या शेळ्या त्यावरून उड्या मारून बाहेर पडायच्या. एखादीचा पाय लागून बांबू पडला की मामा गंभीरपणे म्हणायचे, "चार गुण गेले हिचे." मी हसायचो, आणि हसता हसता विषय काढायचा प्रयत्न करायचो. मामा, ती पट्टी... की लगेच ते उठायचे. "ती बात सोडा. ह्या मेंढीचं खूर बघा आदी." शेवटचं गेलो तेव्हाही असंच झालं. मी सोडून देत गेलो, आणि खरं सांगायचं तर दर वेळी मला सुटल्यासारखं वाटायचं.

त्यांच्या जाण्यानंतर तिसऱ्या आठवड्यात गेलो. गयामामीने जेवायला बसवलं. भाकरी, वरण, वांग्याची फिकी भाजी. मी उगीच म्हणालो, "मामी, थोडी चटणी असली तर..." दोघी मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. सुनंदा म्हणाली, "आई मिरची कुटतच न्हाई, काका. लय वर्षं झाली." मामी जमिनीकडे बघत बोलल्या, "माज्याच ठेच्यानं त्येंचं नाव गेलं. मीच बांदून दिला होता. ते म्हणायचे, ठेच्याचा काय दोष हाय... पर माजा तर हाय न्हवं?"

इतकी वर्षं मी त्या घरात येऊन जेवत होतो आणि ताटात चटणी का नसते, हे मला कधी दिसलं नव्हतं. मामांनी माझं नाव घरातही घेतलं नव्हतं. मी एका माणसाचा गुन्हेगार आहे, असं समजत होतो.

मी ताटावरून उठलो. मेंढवाड्याच्या दाराशी, बांबूच्या खुंटीला, जाळीच्या पिशवीत साबणाची वडी टांगलेली होती. त्यांची. झिजून बोटाएवढी झालेली. खाली पाण्याचा डेरा. मी हात धुतले, तीनदा साबण लावून. मग हुंगले. मागे मामी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मामी," मी म्हणालो, "ती पट्टी मामांनी बांधलीच नव्हती. मी बांधली. तुमचा ठेचा मी हाताने खाल्ला होता. मामांनी मला विचारलं, हात धुतले का. मी हो म्हणालो. धुतले नव्हते. तुमचा काही दोष नाही, मामांचाही नव्हता. माझं चुकलं, आणि इतकी वर्षं गप्प बसलो, ते त्याहून जास्त चुकलं. मला माफ करा."