एकतीस फोटो

आईच्या छातीतला डाग वाढला का, हे सात वर्षांपूर्वीच्या एक्स-रेशी ताडूनच कळतं. गोंदियाच्या आमच्या दवाखान्यात असे सारे फोटो संगणकात सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. आता त्या साठ्याला एआय जोडलाय. साधं मराठी लिहिलं की काम होतं. हे गृहस्थ सगळ्यांसारखंच त्यालाही ‘भाऊ’ म्हणतात.

परवा मी त्यांच्या खिडकीशी असतानाच साठ्यातली जागा संपली. मॅनेजर त्यांना म्हणाले, “पाच वर्षांहून जुने सारे फोटो पुसा. एक ओळ तर लिहायची!”

“घाई कायले करून राहिले, साहेब?” म्हणत गृहस्थांनी एका बोटानं लिहिलं, “भाऊ, यातले किती पेशंट अजून येऊन राहिले?”

उत्तर आलं, एकतीस.

“ते सोडून पुसा, भाऊ.”

आज डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले. डाग तेवढाच होता. बाहेर येऊन खिडकीतल्या त्या गृहस्थांना म्हटलं, “त्या एकतिसांत आमची आई होती.”

“असन, भाऊ,” म्हणाले, आणि लिहीत राहिले.