फॅट थर्टी-टूमधले आमचे सासरे

माझे साडू उद्या गेले, तर त्यांच्या पिंडाला कावळा शिवायचा नाही. कुणी म्हणेल, मुलाबाळांकडे बघतो, कुणी म्हणेल, घराचे हप्ते फेडतो, कावळा ढिम्म. शेवटी मलाच पुढे होऊन, "साडूभाऊ, डिस्क फॅट थर्टी-टूमध्येच ठेवू," असं सांगावं लागेल, आणि तरीही कावळा मान वाकडी करून एकदा विचारात पडेलच, की एनटीएफएस का नको? साध्या गोष्टीचा इतका घोळ घालणारा माणूस मी पुण्यात दुसरा पाहिला नाही, आणि पुण्यात घोळ घालणाऱ्यांची टंचाई आहे असं कुणी म्हणणार नाही.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बिबवेवाडीत राहतात आणि हिंजवडीला आयटीत टेस्टिंग करतात, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्याचा पगार घेतात. ऑनसाइटहून, म्हणजे कंपनीच्या परदेशातल्या कामाहून, येताना लोक चॉकलेटं आणतात, अत्तरं आणतात; यांनी टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला. हातात एक कांडी धरायची, ती हलवली की पडद्यावर चेंडू जातो. डब्याचं सीडीचं तोंड लवकरच बिघडलं, तेव्हा शनिवार पेठेतल्या एका दुकानातून यांनी तो मॉडिफाय करून आणला. आता गेम सीडीवरून नाही, बाहेरून लावलेल्या हार्डडिस्कवरून चालणार. झालं! डिस्कमध्ये सामान कुठल्या पद्धतीने लावायचं ते आधी ठरवावं लागतं, त्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात, आणि त्यांत निवड करायची असते, हे साडूंनी मला एका लग्नाच्या पंगतीत समजावलं. जिलबी आली, मठ्ठा येऊन गेला, हे आपले चालूच. "फॅट थर्टी-टू जुनी, साधी. कुठल्याही डब्यात जमवून घेते. पण चार जीबीच्या वरची वस्तू तिला उचलत नाही, मोठा गेम तुकडे करून द्यावा लागतो. एनटीएफएस भक्कम. काय केलं, काय राहिलं, सगळं टिपून ठेवते, मध्येच लाइट गेले तरी सांभाळून घेते. पण आपला डबा तिला घरात घेईलच असं नाही. एक्सफॅट वाटेल ते उचलते, पण हळवी. चालू असताना वायर ओढलीत, की सगळं विसरून बसते." मी म्हटलं, "अहो, डिस्क लावताय की स्थळं बघताय?" ते गंभीरपणे म्हणाले, "स्थळ चुकलं तर घटस्फोट तरी घेता येतो."

बोलून चालून टेस्टिंगचा माणूस. काही लोक दर दिवाळीला कपाटं हलवतात तशी हे डिस्क पुसायचे आणि नव्या पद्धतीने लावायचे. आमच्याकडे एकदा मी पेन ड्राइव्ह नुसता ओढून काढलेला त्यांनी पाहिला. कॉम्प्युटरला न विचारता! पुढ्यातला चहा त्यांनी घेतला नाही, आणि जिना उतरताना बायकोला म्हणाले, "माणूस तसा वाईट नाही."

आमचे सासरे सदाशिव पेठेतले, गणिताचे निवृत्त मास्तर. पहिल्यांदा कांडी हातात दिली तेव्हा म्हणाले, "नुसता हात हलवला की चेंडू तिकडे जातो? मग कचेरीत तरी कशाला जाता, घरूनच हात हलवा." त्यानंतर दर रविवारी दुपारी ते आणि सासूबाई रिक्षाने बिबवेवाडीला यायला लागले. म्हणायला मुलीला भेटायला; मुलगी आत भांडी आवरायची आणि हे बाहेर बोलिंग, म्हणजे चेंडू घरंगळवून सोंगट्या पाडायचा खेळ, खेळायचे. साडूंनी त्यांचं एक चित्र करून डब्यात घातलं होतं. टक्कल, चष्मा, पांढरी मिशी. घरातल्या प्रत्येकाचं असं चित्र डब्यात होतं, आणि आपण खेळायला लागलो की डबा त्यातलीच चार डोकी उचलून खेळायला शेजारच्या पट्टीवर उभी करायचा. सासरे स्वतःचं चित्र बघून म्हणाले, "मिशी बरी आहे. बाकी मी नाही."

त्याच वर्षी श्रावणात सासरे गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. दिवसकार्य झाल्यावरच्या रविवारी सासूबाई एकट्याच रिक्षातून उतरल्या. टीव्हीवर ऊन येतं म्हणून मेव्हणीने सवयीने पडदे ओढले, आणि आम्ही सगळे त्या अंधुक खोलीत बसलो. काहीतरी करायचं म्हणून साडूंनी डबा लावला. शेजारच्या पट्टीवर टक्कल, चष्मा, मिशी. सासूबाईंनी पदर सावरला आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "हे आले." 

साडू म्हणाले, "योगायोग. डबा कुणालाही उचलतो." पण त्यांना चैन कुठलं! पुढच्या रविवारी काहीतरी कारण काढून त्यांनी सासूबाईंना स्वयंपाकघरात पाठवलं आणि खेळ लावला. शेजारी माझं चित्र, मेव्हणीचं, आणखी कुणाकुणाचं. सासरे नाहीत. "आई, जरा बाहेर येता?" खेळ पुन्हा लावला. हजर! पुन्हा आत, पुन्हा बाहेर. बिचाऱ्या हातात कढीचा डाव घेऊन येरझारा घालत होत्या, आणि त्या उंबऱ्यात आल्या की सासरे उभे. आत गेल्या की त्या जागी दुसरंच कुणीतरी. साडूंचा चेहरा पांढराफटक पडला. मेव्हणी रडवेली होऊन म्हणाली, "बंद करा हो ते." सासूबाई म्हणाल्या, "का गं? थांबू दे की जरा." मी आपलं उगाच पंख्याकडे बघत बसलो. भीती वाटत होती, दुसरं काय!

पुढे डबाच आजारी पडला. त्याच्या आतली मेमरी, जिच्यात ही चित्रं राहत होती, ती विझत चालली. कधी कुणाचा चेहरा जायचा, कधी नुसतीच मिशी हवेत तरंगायची. साडूंनी ती सगळी मेमरी उचलून हार्डडिस्कवर नेली, आणि अशी नेलेली मेमरी फॅट थर्टी-टूवरच चालते म्हणून त्यांचा जन्माचा घोळ एका झटक्यात मिटला. "आणि बरंच आहे," म्हणाले, "ती आपल्या सामानाची यादी दोनदा लिहून ठेवते. एक खराब झाली तर दुसरी." आता आमचे सासरे त्या काळ्या डबीएवढ्या वस्तूत होते, दुसरीकडे कुठेच नाहीत. नक्कल ठेवायला साडूंनी दुसरी डिस्क विकतही आणली होती. ती खोक्यातून निघाली नव्हती, कारण तिला कुठली फाइल सिस्टिम द्यायची ते ठरत नव्हतं!

खंडेनवमीला आम्ही जेवायला बिबवेवाडीला होतो. मेव्हणीने पाटावर स्कूटरची किल्ली, लॅपटॉप, मिक्सर असं सगळं मांडलं होतं. साडू आंघोळीला गेले होते, डबा चालू होता. सासूबाईंच्या मनात आलं, की यंत्रांची पूजा आणि यांचंच घर तेवढं राहिलं? त्यांनी डिस्क वायरीतून ओढून काढली, पाटावर ठेवली, ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं, ते नेमकं वायर जाते त्या फटीत, वर अक्षता आणि झेंडूचं फूल. साडू पंचा गुंडाळून बाहेर आले. टीव्ही काळाठिक्कर.

"आई, ओढलीत?"

"मग काय विचारून काढायची?"

"हो!"

"कुणाला?"

 फट कापसाने पुसून साडूंनी डिस्क लॅपटॉपला लावली, तर लॅपटॉप विचारतो, डिस्क फॉरमॅट करायची आहे का? म्हणजे पुसून टाकू का? सासूबाईंना पडद्यावरचं इंग्रजी कळलं नाही, साडूंचा चेहरा कळला. त्या पाटासमोर तशाच बसल्या. "मी घालवलं का हो यांना?" असं त्यांनी विचारलं, ते माझ्या अजून कानात आहे. साडूंनी 'नाही' सांगितलं, लॅपटॉपलाही आणि सासूबाईंनाही. मग रजा टाकून बसले. डिस्कची पहिली यादी फाटकी निघाली, दुसरीवरून एकेक वस्तू शोधत राहिले. जेवायला बोलावलं तर चिडायचे, आणि चिडलेले साडू मी त्याआधी पाहिलेले नव्हते.

रविवारी सगळे जमलो. डब्यात एक चौक आहे, तिथे सगळी चित्रं नुसती हिंडत असतात. सासरे तिथे नेहमी एका कडेला, आमच्याकडे पाठ करून उभे असायचे. त्या दिवशी चौक उघडला, आणि ते मधोमध उभे होते, तोंड सरळ आमच्याकडे करून. बाकीची चित्रं कांडी नेऊ तिकडे मान वळवत होती. यांची मान हलेना. सासूबाई खुर्चीवरून उठून पलंगाच्या काठावर बसल्या. पडद्यावरचा चष्मा सावकाश त्यांच्या मागे वळला. 

साडू कांडी खाली करत म्हणाले, "काहीतरी खराब राहिलंय. मी परत बसवतो, आई. पूर्वीसारखे पाठ करून उभे राहतील."

सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून चारचौघांत माझ्याकडे कधी बघितलं नाही हो यांनी. लोक काय म्हणतील, म्हणायचे." त्यांनी केसांवरून हात फिरवला. "आता बघताहेत, तर कशाला दुरुस्त करता?"

साडूंनी क्षणाचाही विचार केला नाही. "नाही करत," म्हणाले, आणि कांडी टीव्हीशेजारी ठेवून दिली. मेव्हणीने आम्हाला डोळ्यांनी खुणावलं. आम्ही सगळे स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून बसलो. चहा झाला, निवला, पण सासूबाईंना हाक मारणं सगळ्यांच्याच जिवावर आलं.