देव्हाऱ्यातली सीडी

आईची जुनी सीडी काही केल्या उघडेना आणि माझं डोकं चालेना. दुसऱ्या दिवशी आम्हाला सुरतेला डॉक्टरांकडे जायचं होतं. गेल्या वर्षी आईच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये एक बारीक डाग दिसला होता. आताच्या नव्या एमआरआयमध्येही तो आहेच. तो वाढला की तेवढाच राहिला, हे जुनी चित्रं शेजारी ठेवून बघितल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. फिल्म आम्हाला कोणी दिलीच नव्हती आणि सेंटरवाल्यांनी त्यांच्याकडचं जुनं सगळं काढून टाकलेलं. सारी मदार त्या एका सीडीवर.

सीडी चालवायचं यंत्र तरी आता कोणाकडे राहिलंय? शहाद्याच्या एका फोटो स्टुडिओतून ड्राइव्ह मागून माहेरी घेऊन आले. सीडी घातली की ते घरघरायचं, गप्प व्हायचं, पुन्हा घरघरायचं. मग मोबाइलवर उपाय शोधले आणि होतं नव्हतं तेवढं भान गेलं. एक म्हणतो टूथपेस्ट चोळा, पण पांढरीच. दुसरा म्हणतो, पेस्टने वाटोळं होतं, केळ्याची साल फिरवा. गोल फिरवा, नाही, मधून कडेकडे सरळ न्या. तिसऱ्याला पेट्रोलियम जेली पाहिजे. कोणाचं ऐकावं? मी सगळ्यांचं ऐकलं.

खाटेवरून आई मजा बघत होती. "साल तुन्ही, केयं मन्हं," म्हणाली आणि केळं खाऊन मोकळी झाली. जिच्या डोक्याची काळजी, तिलाच ती नव्हती. मला हसू आलं आणि रागही आला.

खरं तर चकचकीत बाजूला धड एक ओरखडाही नव्हता. मग मी इतका वेळ दुरुस्त काय करत होते? पेस्ट निघाली का ते बघायला सीडी धुऊन खिडकीशी धरली, तर तिच्यातल्या बारीक भोकांमधून ऊन दिसलं. उलटून पाहिली. आईचं नाव लिहिलेल्या बाजूला कुंकवाची लाली होती. नख लावलं तसा मिठाईच्या वर्खासारखा चंदेरी पापुद्रा बोटाला आला. चित्रं असतात ती त्याच थरात, हे मोबाइलने मला तेव्हा सांगितलं.

"ही ठेवली कुठे होती?" मी ओरडलेच.

"देव्हारामा," बाबा म्हणाले. "रोज पुसस ना मी. देवस्ले पुसस तशीच, ओला फडकाघाई. मंग कुकू लावस."

वर्षभर, रोज, ओल्या फडक्याने! आईला वाकलं की चक्कर येते, म्हणून वर्षभर पूजा बाबा करतात. जन्मभर तिच्या पूजेची टिंगल करणारे हे बाबा! रागवावं तर कशावर?

सुरतेचे डॉक्टर म्हणाले, आता काहीच नक्की सांगता येत नाही, काही महिन्यांनी पुन्हा काढून बघू. परतीच्या गाडीत बाबांनी मला हळूच विचारलं, "मंग तो डाग वाढना का तेवढाच शे?"

"कळणार नाही, बाबा."

"मन्हामुये?"

‘हो, तुमच्यामुळे’ असं म्हणवेना आणि नाही म्हटलं तर ते खोटं ठरलं असतं.

सकाळी उठले तर देव्हाऱ्यात देव बिनआंघोळीचे. बाबा समोर बसलेले, मांडीवर नव्या एमआरआयची सीडी आणि बोटावर ओलं कुंकू. मला बघून म्हणाले, "कोठे लाऊ? का लाऊच नको?"

आई भिंतीला धरत आली, त्यांच्यासमोर बसली आणि त्यांचा हात आपल्या कपाळाशी नेऊन म्हणाली, "आठे लावा. मन्हा कपायले."

बाबांनी तिला कधी कुंकू लावलेलं मी पाहिलं नव्हतं. ओलं कुंकू ओघळून तिच्या नाकावर आलं, आणि तिने ते पुसलं नाही.