मनसराचं गाठोडं

मनसराला मी कधी पाठ टेकून बसलेलं पाहिलं नाही. आजही ती जिन्याच्या पायरीवर बसते ती अर्धीच, आता कोणी हाक मारील आणि उठावं लागेल अशी. सोसायटीत नव्याने आलेल्या लोकांना ती इस्त्रीचे कपडे घेऊन दार वाजवणारी वॉचमनची बायको म्हणून ठाऊक आहे. ती इथे आली तेव्हाचे दिवस पाहिलेले आता आम्ही दोन-तीन जणच उरलो. मला लिहायची सवय नाही. कुठे चुकलं तर सिंधू, म्हणजे माझी बायको, सांगेल. तिला सगळं माझ्यापेक्षा नीट आठवतं.

सत्त्याण्णव साल असावं. नाशिकच्या इंदिरानगरात तेव्हा इमारतींपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. आमच्याकडे खिमबहादूर नावाचा नेपाळी वॉचमन एकटाच राहायचा. सगळे त्याला नुसतं बहादूर म्हणत. सोसायटीचे सेक्रेटरी धनराज, सिन्नरकडच्या शेतकरी घरातले, आवाज मोठा आणि पोटात काही न ठेवणारा माणूस. त्यांनी ठरवलं की वॉचमन जोडप्यानं राहावा. बाई जिने झाडेल, पाण्याची मोटर बघेल.

"एकटा माणूस म्हणजे उडतं पाखरू," ते मीटिंगमध्ये म्हणाले. "लगीन झालंय ना त्याचं? मग बायको घेऊन ये म्हणावं. नायतर दुसरा बघू. एक जोडपं माझ्या नजरेत हाय."

खिमबहादूर सुट्टी घेऊन गावी गेला आणि गणपती उठल्यावर दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन परत आला. पाल्पाच्या डोंगरातून सरहद्दीपर्यंत बस, मग गोरखपूर, तिथून नाशिकरोडपर्यंत गाडीत उभं राहून. मनसरा रिक्षातून उतरली ती डोक्यावर गाठोडं घेऊन. निळ्या-पांढऱ्या चौकटींचं जाड कापड, वर दोन गाठी. पार्किंगच्या कोपऱ्यात, जिन्याखाली त्यांची खोली. ती खोलीत गेली, गाठोडं भिंतीशी ठेवलं आणि लगेच बाहेर आली.

तेव्हापासून ती आत-बाहेर करतच राहिली. पार्किंगच्या खांबांमधून फिरायची, प्रत्येक खांबाला हात लावायची, फाटकापर्यंत जायची, परत यायची. छताकडे बघायची. वरच्या मजल्यावर कोणी पाटा सरकवला, मुलं धावली, की दचकायची. खिमबहादूरने मला सांगितलं, "साब, हमारे गाँव में घर के ऊपर घर नहीं होता. उसको लगता है कोई सिर पर चल रहा है."

झाडायचं काम तिने पहिल्याच दिवशी उचललं. पण कपडे लागले की ती गाठोडं सोडायची, एखादं लुगडं बाहेर घ्यायची आणि गाठोडं पुन्हा पहिल्यासारखं बांधून ठेवायची. सिंधूने जाता-येता हे दोन-तीनदा पाहिलं. म्हणाली, "ही राहायला आलेली नाही हो. वाट बघतेय."

मोटरचं तिला भय वाटे. बटण दाबलं की मोटर गुरगुरायची आणि ही मागे सरायची. एकदा सुरू करून ती फाटकाबाहेर जी गेली ती गेलीच. वरची टाकी भरून पाणी भिंतीवरून धो धो खाली आलं, वाळत घातलेले पापड भिजले. बायका गॅलरीतून ओरडायला लागल्या.

"अगं ए, बंद कर की!"

"कुठं गेली ती?"

ती रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर उभी होती. तिथून पांडवलेण्याचा डोंगर नीट दिसतो. ती त्याच्याकडे तोंड करून उभी होती आणि मागे एवढा गलका चाललाय हे तिच्या गावी नव्हतं.

धनराजांनी खिमबहादूरला बोलावलं. मीही तिथे होतो. "हे बघ बहादूर, दिवाळीपर्यंत बघतो. बाईचं मन रमलं तर ठीक. नाय तर दोघांनी जायचं. समजलं?"

"समझा साब."

नंतर तो माझ्याजवळ थांबला. त्याचा एक गाववाला सिन्नरला कारखान्यात गेटवर होता. तो दशैंसाठी, म्हणजे आपल्या दसऱ्यासाठी, नवरात्रात गावी निघणार होता. मनसरा म्हणत होती, मला त्याच्याबरोबर पाठवा.

"लग्नानंतर पहिलं दशैं, साब. घरात जो मोठा असतो तो टीका, म्हणजे आशीर्वादाचा टिळा, लावतो. इथे कोण लावणार? ती म्हणते, टीका नाही तर वर्ष कसं जाणार."

"मग तुझ्या नोकरीचं?"

त्याने हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली. "मुझे तो यहीं रहना है."

मला काहीतरी बोलावंसं वाटलं होतं. पण कोणाच्या घरात आपण का बोलावं, असं वाटून मी वर निघून आलो. घरी चहा घेतानाही चैन पडेना. दोनदा उठून खिडकीत गेलो.

घटस्थापनेच्या सकाळी मनसरा नाहीशी झाली. खिमबहादूर रात्रपाळी करून झोपला होता. उठून बघतो तर खोलीत ती नाही. गाठोडं होतं, पण त्याची गाठ सैल होती. तो अनवाणीच पार्किंगमध्ये आला. धनराज दूध घेऊन येत होते.

"गेली! मी म्हणलो नव्हतो? गेली पळून!"

"अहो, गाठोडं इथंच आहे," मी म्हणालो.

"मग काय, गाठोडं घेऊन पळतात होय? पळणारा हलका पळतो."

मी माझी लुना काढली, खिमबहादूरला मागे बसवलं. तो अख्ख्या रस्त्यात माझा शर्ट घट्ट धरून होता. पाथर्डी फाट्यावर घोटीकडे जाणाऱ्या जिपा उभ्या होत्या. एका ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "नाकात फुली असलेली, ठेंगणी बाई? जीपमध्ये नाय बसली. हायवे ओलांडून डोंगराकडं गेली. लय भराभर चालत होती."

डोंगराच्या पायथ्याशी ती आम्हाला समोरूनच येताना दिसली. ओढणीची झोळी करून पोटाशी धरली होती. खिमबहादूर उतरून धावला आणि आधी जोरात काहीतरी बोलला. तिनेही तितक्याच जोरात उत्तर दिलं. मग ओढणी उघडून दाखवली. आत माती होती. तांबूस, भुसभुशीत, खडे वेचून काढलेली.

खिमबहादूर माझ्याकडे वळला. तो हसत होता की रडत होता, सांगता येत नव्हतं. "साब, मिट्टी लेने आई थी. जमरा के लिए."

घरी परत येईपर्यंत त्याने मला समजावलं. त्यांच्याकडे दशैंच्या पहिल्या दिवशी स्वच्छ मातीत जव पेरतात. अंधाऱ्या जागी ठेवतात, ऊन दाखवत नाहीत. पिवळेधमक कोंब येतात, तो जमरा. दसऱ्याला टीका लावून तोच कानामागे खोवतात. सासूने निघताना मूठभर जव गाठोड्यात बांधून दिले होते. आणि आमच्या कंपाउंडमधली माती तिला चालत नव्हती. तिथे बांधकामाची वाळू, सिमेंट, आणि कुत्री.

मी हे सिंधूला सांगितलं तेव्हा ती देवघरात पत्रावळीवर काळी माती पसरत होती. तिने माझ्याकडे बघितलं, हात तसेच मातीचे घेऊन खाली गेली आणि मनसराचा हात धरून तिला वर घेऊन आली. मातीवर गहू टाकलेले, मधे घट, वर विड्याची पानं, नारळ. मनसरा दारातच उभी राहिली. मग वाकून तिने त्या मातीला बोट लावलं आणि इतकं भराभर बोलायला लागली की आम्हाला एक अक्षर कळलं नाही. सिंधू मात्र "हो ना, हो ना" म्हणत होती.

मनसराने जुन्या तुटक्या बादलीत जव पेरले. बादली जिन्याखालच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, वर टोपली पालथी घातलेली.

पाचव्या माळेला सिन्नरचा गाववाला आला. नवी पँट, हातात सुटकेस, घाईत. मनसराचं गाठोडं दाराशी आलेलं होतं. ती मात्र त्या बादलीपाशी होती. टोपली उचलायची, बघायची, ठेवायची. गाववाला घड्याळ दाखवत होता.

तेवढ्यात सिंधू खाली आली. तिला हिंदीही धड येत नाही. ती सरळ मराठीतच म्हणाली, "अगं, घट बसवलाय ना तू? मग उठेपर्यंत घर सोडायचं नसतं." आणि बादलीकडे बोट करून तिने हाताने 'बस' अशी खूण केली.

मनसराने तिच्याकडे बघितलं, मग गाठोड्याकडे. गाववाल्याला ती दोन शब्द बोलली. तो कपाळावर हात मारून निघून गेला. गाठोडं आत गेलं, पण सुटलं नाही. खिमबहादूरने मला हळूच सांगितलं, "दसऱ्यापर्यंतच, साब. दिवाळीला आणखी लोक जाणार आहेत गावी. कहती है, उनके साथ जाऊँगी."

पुढचे दिवस मी विनाकारण खाली उतरत राहिलो. पेपर आणायला, लुना पुसायला. मनसरा झाडू मारताना मधेच थांबून कोपऱ्यात जाऊन यायची. एकदा तिने टोपली उचलून मला दाखवलं. बोटभर उंच, हळदीसारखे पिवळे कोंब होते.

खंडेनवमीला सगळे पार्किंगमध्ये गाड्या धुवायला उतरले. धनराजांनी पाइप लावला होता. बादल्या गोळा करताना त्यांना कोपऱ्यातली ती बादली सापडली. मनसरा तेव्हा वरचे जिने पुसत होती आणि खिमबहादूर हार आणायला गेला होता. मी अजून घरातच होतो, हे मला नंतर कळलं. धनराजांनी टोपली काढली, कोंब बघितले आणि मनापासून कळवळले.

"अरे अरे, केवढं पिवळं पडलंय! पोरीला काय कळतं? शेतकऱ्याच्या पोटचा हाय मी, मला विचारायचं होतं." आणि त्यांनी बादली उचलून कंपाउंडच्या भिंतीवर, भर उन्हात ठेवली. वर तांब्याभर पाणीही घातलं.

दुपारी मनसरा खाली आली. मी खिडकीत होतो. ती कोपऱ्यात गेली, मग धावत बाहेर आली, भिंतीपाशी गेली आणि बादलीत बघत राहिली. कोंबांचे शेंडे हिरवे व्हायला लागले होते. धनराज आनंदाने म्हणाले, "बघ, कसं तरारलं!" ती बादली पोटाशी धरून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

खिमबहादूर आल्यावर धनराजांना सगळा प्रकार कळला. मीही तोवर खाली उतरलो होतो. ते पाइप हातात घेऊन तसेच उभे, पाणी त्यांच्याच चपलेवर पडत होतं. मला म्हणाले, "अहो रंगनाथराव, मी चांगल्यासाठीच केलं हो. आता काय करू? हळद फासू का त्या कोंबांना?" मग मोठ्याने, बंद दाराकडे बघून, "वहिनी, माफ करा!" आतून गाठोड्याची गाठ आवळल्यासारखा कापडाचा आवाज आला, किंवा मला तसं वाटलं.

संध्याकाळी घट उठवल्यावर सिंधूने आमची पत्रावळ उचलली आणि खाली नेली. तिने दार वाजवलं आणि पत्रावळ मनसरासमोर धरली. आमचा गहू समईच्या बाजूला पिवळा होता आणि खिडकीच्या बाजूला चांगला हिरवा. मनसरा बराच वेळ त्यात बोटं फिरवत होती.

दसऱ्याच्या सकाळी धनराज आपट्याची पानं घेऊन आमच्याकडे आले होते. आदल्या दिवसापासून त्यांचा आवाज बसल्यासारखा झाला होता. तेवढ्यात दार वाजलं. खिमबहादूर टोपी घालून, मनसरा लाल साडीत. तिच्या हातात ताट होतं. दही, कुंकू आणि तांदूळ एकत्र कालवलेले, आणि बाजूला जमरा, खाली पिवळा आणि वर हिरवा.

"साब," खिमबहादूर म्हणाला, "इस बिल्डिंग में सबसे बड़े आप ही हैं. ती म्हणते, टीका तुम्ही लावायचा."

मी म्हणालो, "अरे, मी कसला मोठा? मला काही येत नाही यातलं." सिंधूने मला कोपराने ढकललं. ती दोघं जमिनीवर वाकून बसली. मी आपलं करंगळीशेजारच्या बोटाने इवलासा ठिपका लावला. मनसराने मान वर केली नाही.

"इतना नहीं, साब. पूरा."

मी चिमूटभर घेतलं. तरी ती वाकलेलीच. शेवटी पाचही बोटांनी उचललं आणि तिचं सगळं कपाळ भरून टाकलं. दही तिच्या नाकावर ओघळलं. मग जमरा तिच्या कानामागे ठेवला.

"अब कुछ बोलना पड़ता है, साब. आशीर्वाद."

तोंडातून निघालं ते एवढंच, "जरा निवांत बसायला मिळो तुला."

खिमबहादूरने ते तिला सांगितलं. ती एकदम हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा. आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?" सिंधूने विचारलं.

"कहती है, यहाँ का जमरा हरा ही होता है. बा को पता नहीं था क्या?"

बा म्हणजे बाप, आणि तिचा रोख धनराजांकडे होता. ते मागे सरत होते. मनसराने त्यांच्याकडे बोट दाखवून आपल्या शेजारची जागा थोपटली. ते बसले, गुपचूप. त्यांच्याही कपाळावर मी मूठभर तांदूळ थापले. दिवसभर ते तसेच सोसायटीभर सोनं वाटत फिरले. कोणी हसलं तर म्हणायचे, "पुसलं तर ती रागावेल. लय कडक बाई हाय."

दिवाळीला गावी जाणारे लोक आले. ती गेली नाही. मी खाली उतरलो तेव्हा जिन्याखालच्या खोलीला पडदा लागलेला होता, निळ्या-पांढऱ्या चौकटींचा. गाठींच्या जागी कापड चुरगळलेलं होतं.

माझा आशीर्वाद मात्र काही फळला नाही. ती राहिली, पण अजून बसली नाही. दर दसऱ्याला ताट घेऊन वर येते, कपाळ भरून घेते आणि सिंधूने चहा पुढे केला की उभ्यानेच पिते. खाली मोटर चालू करून आलेली असते.