पोरीला विचारलं का?

आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी उपदेश करणारे काका एरवी शिलाईकाम करतात. बोलताना चष्मा कपाळावर सरकवतात आणि ठरलेल्या जागी टेबलावर थाप मारतात. बायबलातली त्यांची लाडकी गोष्ट एकच. अब्राहामाचा चाकर धन्याच्या मुलासाठी, इसहाकासाठी, बायको शोधायला निघतो आणि विहिरीवर त्याला रिबका भेटते.

"चाकर म्हंजी पवित्र आत्मा, नवरी म्हंजी आपला जीव," काका सांगतात. "पण तिला वढून न्हाय नेली. आधी इचारलं, जातीस का?" इथं थाप.

उन्हाळ्यात अणदूरला त्यांच्या पुतणीची सोयरीक जुळत होती. मीही सोबत होतो. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली, तारीख निघाली, काकांच्या थोरल्या भावानं, म्हणजे मुलीच्या वडलांनी, नारळ हातात घेतला. तेवढ्यात काका उठले.

"थांबा दादा. पोरीला इचारलं का?"

"आता काय इचारायचं? पाव्हणं बसल्यात!"

"देव इचारतो, आन् आपुन न्हाय इचारायचं?" काका दाराकडं वळले. "जातीस का, माय?"

नर्सिंग शिकणारी ती मुलगी दारातच उभी होती. तिनं मान वर केली.

"जाईन काका. पण परीक्षा दिल्यावर. आन् मग नोकरी बी करणार."

थोरल्या भावाचा चेहरा उतरला. मुलाचे वडील काही बोलणार, तोच मुलगा उभा राहिला.

"मी थांबतो. परीक्षा होऊ द्या."

काकांनी जोरात टाळी वाजवली. मग आतल्या सगळ्या बायका हसत बाहेर आल्या आणि त्यांच्या टाळ्यांनी ओसरी दणाणली.