खिडकीच्या चौकटीतली वात

इथे परदेशात, हेन्डरसन या उपनगरात, आमच्या घरामागे एक जुनी कॅरॅव्हॅन उभी असते, गाडीला जोडून न्यायची चाकांवरची खोली. वयाने माझ्याहून थोडी मोठीच असेल. मी ती हौसेने घेतली. बायकोच्या मते नसत्या उचापतीपायी. उन्हाळ्यात समुद्रावर न्यायची, एरवी तिच्यात अडगळ टाकायची. गेल्या हिवाळ्यात मात्र तिच्यात माझे वडील राहिले. चार महिने.

हे लिहितानाही लाज वाटते. सारवासारव माझ्याकडे तयार असते: घरात दोनच बेडरूम, मुलीची परीक्षा, बाबांना पहाटे उठून खुडबुड करायची सवय. "बाहेर मोकळं वाटेल तुम्हाला," असं मी म्हणालो आणि त्यांनी मान डोलावली. हीटर दिला, जाड रजई दिली. पण वडिलांना अंगणात ठेवलं, हे काही त्याने बदलत नाही.

बाबा निवृत्त ओव्हरसियर. त्यांची सगळी हयात टाक्यांची आणि पाइपांची गळती शोधण्यात गेली. कुणाकडे चहाला गेले तरी त्यांना आधी छतावरचा ओला डाग दिसायचा. माझं तर कुठलंच काम त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. चुकलो की "गाढवा, असं करतात होय?" म्हणून हातातलं ओढून घ्यायचे आणि स्वतः करून दाखवायचे. लहानपणी मला त्याचा भयंकर राग यायचा.

इथे आल्यावर पहिला आठवडाभर त्यांनी तेच सुरू केलं. कपडे गराजमध्ये का वाळत घालता? बाथरूमची फरशी बादलीभर पाण्याने धुऊन काढू का? उरलेला भात पक्ष्यांना टाकू का? माझं एकच उत्तर असायचं, "बाबा, इथे तसं नसतं." कधी हसत, कधी वैतागून. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. मला वाटलं, रुळले.

त्यांच्या पलंगाशेजारच्या खिडकीला दुहेरी काच होती. दोन काचांच्या मध्ये धुकं धरलं होतं आणि पावसात चौकटीतून थोडं पाणी झिरपायचं. ते येण्याआधी एका शनिवारी मी हार्डवेअरच्या दुकानातून भेगा बुजवायच्या सिलिकॉनची नळी आणली. बाहेरून बघतो तर चौकटीच्या खालच्या कडेला चार बारीक भोकं. सापडला चोर! दर मे महिन्यात गच्चीच्या भेगा बुजवणाऱ्या घरात मी वाढलो. भोक दिसलं की हात शिवशिवतात. चारही ठासून भरली, वरून बोट फिरवून गुळगुळीत केली आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिलो.

गळती थांबली नाही, उलट वाढली. धुकं इतकं दाट झालं की बाहेरचं लिंबाचं झाड दिसेना. रोज सकाळी बाबा पंचाने खिडकी पुसायचे आणि पंचा पिळून दोरीवर टाकायचे. "झोप लागली का?" विचारलं की म्हणायचे, "स्वीट ॲज." म्हणजे इथलं 'एकदम झकास', नातीने शिकवलं होतं. आम्ही सगळे हसायचो. खिडकीचं बघतो, असं मी दर रविवारी म्हणायचो.

जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, त्यांना खोकला लागला. एका सकाळी ऑफिसला निघताना मी आत डोकावलो. खिडकीच्या आतल्या कडेवर पाणी साचलेलं, शेजारी विजेची किटली. माझं डोकंच सटकलं.

"बाबा, सगळं बंद करून तुम्ही इथे चहाचं पाणी उकळता. त्याची वाफ धरते, काच खराब झाली ती त्यानेच! इथे हवा खेळती ठेवावी लागते. किती वेळा सांगायचं?"

ते किटलीकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले. त्याच दिवशी किटली स्वयंपाकघरात परत आली आणि ती खिडकी कायमची चार बोटं उघडी राहिली, भर थंडीत. मी रोज ती उघडी बघत होतो आणि ऐकलं म्हणून मला बरं वाटत होतं. खोकला त्यांच्याबरोबर पुण्याला गेला आणि तिथेच बरा झाला.

त्यानंतर "उन्हाळ्यात या, आता घरात झोपा," असं मी फोनवर चार-पाचदा तरी म्हणालो. दरवेळी उत्तर एकच, "बघू." खिडकी दुरुस्त करून दाखवली तर येतील, असं माझ्या मनाने घेतलं आणि अखेर मी ती चौकट उतरवली. शेजारचे म्हातारे गृहस्थ मदतीला आले. त्यांचा जन्म कॅरॅव्हॅनच्या दुरुस्तीत गेलेला. बारीक तारेने दोन्ही काचा सोडवल्या, व्हिनेगरने पुसल्या. मग त्यांनी चौकट उलटी केली आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी."

"वीप होल्स आहेत ही, मेट. पाणी थोडं शिरणारच, ते इथून बाहेर जातं. बुजवलंस तर आत तुंबणार, आणि काचांमधली पट्टी कुजणार."

मी वाकून बघितलं. तीन भोकं माझ्या सिलिकॉनने बंद होती. चौथं, उशीकडचं, मोकळं होतं. त्यातलं सिलिकॉन कुणीतरी सुबक कोरून काढलं होतं आणि आतून एक वात बाहेर आली होती. पंचाच्या सुताची, हाताने वळलेली, पाणी ओढून बाहेर टाकण्यासाठी. देवापुढे लावण्यासाठी बाबा रोज वळतात तशीच.

बाबांची चहाची वेळ गाठून मी फोन केला.

"बाबा, खिडकीत वात तुम्ही घातली होती?"

"राहिली का तिथेच?" ते गडबडले. "काढायची विसरलो बघ. खराब झालं का काही?"

"भोकं बुजवलेली आहेत हे तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तिकडे तसं करत असतील."

टोमणा असता तर मला सोसला असता. पण त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

"मग ते एक उघडलंत, ते?"

"उशी भिजत होती रे," ते हळूच म्हणाले, चोरी पकडली गेल्यासारखे.

मी सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती, चहाची वाफ नव्हती, तुम्हाला उगाच बोललो. एवढं बोलून मी थांबलो. आता ते "गाढवा" म्हणतील, आवाज चढवतील, सिलिकॉन कसं काढायचं ते सुनावतील, म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरून उभा राहिलो.

"असू दे," ते म्हणाले. "ठेवू का आता? तुला कामं असतील."