अंबाबाईंच्या गोणीवरची गाठ

घाटघरच्या अंबाबाईंचा वासाचा तांदूळ जुन्नरमध्ये आमच्या आळीतील बहुतेक घरांत येतो. गोणीचे तोंड त्या स्वतः दाभणाने शिवतात आणि शेवटी सुतळीची आपली ठरावीक गाठ मारतात. त्यांच्या गावात प्रत्येक घराची गाठ निराळी असते. मालासोबत मालक नसला तरी ती त्याच्या वतीने साक्ष देते.

यंदा माझ्या गोणीवर ती गाठ नव्हती, आणि तांदळात वाळू होती. मी तसे फोनवर कळवले.

"सोपानाच्या जीपमधी चढवली तवा माझीच गाठ व्हती," एवढेच त्या म्हणाल्या. सोपान म्हणजे त्यांचा माल जुन्नरला आणणारा जीपवाला.

एका घराने तांदूळ नाकारला की आळी नाकारते, आणि मग व्यापारी म्हणेल त्या भावाने तो द्यावा लागतो. सोपान माल बदलतो, ही शंका एकदा शिरल्यावर अंबाबाईंना सारेच संशयास्पद दिसू लागले. त्याच्याकडे नवा मोबाइल कुठून आला? हल्ली तो माणसे बसवत नाही, नुसता माल नेतो, ते का?

पुढच्या खेपेस त्या सरळ गोण्यांवर जाऊन बसल्या.

"मावशे, उतर. आज जागा न्हाई."

"गोण्यांवर लई जागा हाय. चल तू."

"पडशील."

"पडले तर तुझ्या देखत पडंन. माल तर माझ्या माघारी बदलतो."

अर्ध्या वाटेवर ओढ्यावरची मोरी खचलेली होती. सोपानने गोण्या उतरवल्या, रिकामी जीप ओढ्यातून पलीकडे नेली आणि एकेक गोणी पाठीवर घेऊन तो पाण्यातून जाऊ लागला. पुन्हा चढवताना एक गोणी पत्र्याला अडकून फाटली. तांदूळ वाळूत सांडला.

"माझी बी आशीच फाटली व्हय रं?"

"व्हय. भरून शिवली."

"मंग बोलला का न्हाईस?"

"मोरी गेली म्हणलो आसतो तर तुमी माल दिला आसता? गाडी दारात बसली आसती माझी."

राज्याची भरभराट महामार्गांवरून मोजली जाते. हमरस्त्याला लागणारा माल आधी कोणत्या ओढ्यातून येतो, हे त्या मोजणीत क्वचितच येते.

माझ्या दारात तांदूळ उतरवताना अंबाबाईंनी आपले दाभण सोपानच्या हाती दिले.

"फाटली तर नीट शीव."

"आन् गाठ?"

"ती न्हाई शिकवायची."

मोरी अद्याप तशीच आहे. अंबाबाई प्रत्येक खेपेस येतात. आता त्या पुढच्या सीटवर बसतात. तोंड मात्र मागे, गोण्यांकडे.